लिटर बॉक्स लपवायचं फर्निचर: मिस्त्रीला बोलवायच्या आधी थोडं ऐका

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोरेगावला वन बीएचके, दोन मांजरं, एक बोका आणि एक भाटी, दोन्ही इंडी म्हणजे देशी, लिटर बॉक्स, म्हणजे मांजरांच्या शी-सूसाठी लिटर भरून ठेवलेला डबा, हॉलच्या कोपऱ्यात उघडा ठेवलाय, गणपतीत सासरची मंडळी राहायला येणार, तर बॉक्स दिसणार नाही आणि वासही येणार नाही असं कुठलं फर्निचर घ्यावं? ऑनलाइन बाकड्यासारखी कॅबिनेटं मिळतात ती बरी का मिस्त्रीकडून करून घ्यावं?

ताई, मी मुंबईत घरांच्या फर्निचरची कामं करते, बरीच वर्षं झाली, आणि हल्ली मांजरवाल्या घरांची कामं इतकी येतात की आमचा मिस्त्री आता न विचारताच म्हणतो, "मॅडम, बिल्ली का दरवाजा किधर काटना है?" तर उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हे कॅबिनेट पाहुण्यांना दिसू नये म्हणून करतोय, तुम्हाला दिसू नये म्हणून नाही. हा फरक लोकांच्या लक्षातच येत नाही. बॉक्स छान झाकला गेला की दोन दिवसांनी साफ करणं, मग तीन दिवसांनी, असं होत जातं, कारण समोर दिसतच नाही ना, आणि मग वास येतो आणि लोक म्हणतात कॅबिनेटमुळे वास येतो. दुसरं म्हणजे तुमच्याकडे बोका आहे. बोक्यांची लघवी अडकते, मूत्रनलिका अरुंद असते त्यांची, आणि पूर्ण अडकली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. ते कळतं कशावरून, तर लिटरमध्ये नेहमी मोठे गोळे असायचे ते आज एकदम छोटे आहेत किंवा नाहीतच, आणि बोका सारखा आत जातोय, बसतोय, ओरडतोय, काही होत नाहीये. असं दिसलं तर बद्धकोष्ठ असेल म्हणून घरगुती उपाय करत बसू नका, सरळ व्हेट गाठा, रात्र असो का सणाचा दिवस. तर रोज सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा एका हाताने उघडता येईल आणि आत उजेडात नीट बघता येईल असंच फर्निचर पाहिजे. उघडायला त्रास असलेलं फर्निचर दिसायला कितीही सुंदर असू दे, मी करून देत नाही. पुढचं जे काही सांगतेय ते सगळं याच्यावरूनच ठरतं.

आता जागा. फर्निचर कुठलं हे नंतर, आधी बॉक्स कुठे राहणार ते ठरवा, आणि ते शक्यतो मांजरांनी आधीच ठरवलेलं असतं. तुमचा हॉलचा कोपरा त्यांना पटलेला दिसतोय, तर तो सोडू नका, तिथेच कॅबिनेट करा. लोक पहिला विचार बाथरूमचा करतात. मुंबईतली बाथरूमं म्हणजे आंघोळ, कपडे, बादली सगळं एकाच ठिकाणी, लादी कायम ओली, आणि बेन्टोनाइटचं म्हणजे चिकणमातीचं लिटर ओलं झालं की सिमेंटसारखं बसतं, नहाणी ट्रॅपमध्ये गेलं की प्लंबर बोलवा. संडासात टाकून फ्लश पण करू नका, तीच कथा, आणि खालच्या मजल्याच्या छतातून पाणी आलं की सोसायटीत भांडण वेगळं. ड्राय बाल्कनी चांगली जागा आहे पण दोन अटींवर, एक म्हणजे जाळी पक्की पाहिजे, कबुतरांची नायलॉनची जाळी मांजराच्या नखापुढे फार टिकत नाही, आणि दुसरं म्हणजे पावसाची झड आत येत नसली पाहिजे. शिवाय तिथे वॉशिंग मशीन असेल तर मांजर आत बसलेलं असताना स्पिन सुरू झालं आणि ते एकदा घाबरलं की परत तिथे पाय ठेवेल याची खात्री नाही.

बेडरूममध्ये खिडकीखालचा कट्टा असतो बऱ्याच बिल्डिंगांत, तो दिसायला अगदी आयता वाटतो, हवा आहे, उजेड आहे, पण रात्री एसी लावून दार बंद करता का? करत असाल तर दार बंद असताना बॉक्स एका बाजूला आणि मांजर दुसऱ्या बाजूला, मग सकाळी सोफ्यावर सू. आणि यात मांजराची काही चूक नाही. मेन दरवाज्याजवळचं चपलांचं कपाट पण बरेच जण सुचवतात, तिथे दिवसभर बेल वाजते, कुरिअर, दूधवाला, कचरेवाला, भित्र्या मांजराला ते चालत नाही. किचनच्या ओट्याखाली नको, जेवणाच्या जागेपाशी मांजराला पण आवडत नाही आणि आपल्याला पण आवडायला नको. आणि देव्हाऱ्याच्या खालच्या कपाटात अजिबात नको, हसू नका, एका घरात ही मागणी खरंच आली होती कारण तेवढीच एक जागा रिकामी होती, मी म्हटलं आजी आल्या की मांजर आणि तुम्ही दोघंही घराबाहेर जाल.

तुमच्याकडे मांजरं दोन आहेत आणि बॉक्स एक. नियम असा सांगतात की मांजरं असतील त्याच्यापेक्षा एक बॉक्स जास्त, म्हणजे तुम्हाला तीन. आता वन बीएचकेत तीन बॉक्स कोण ठेवणार, मला माहितीये, पण निदान दोन तरी ठेवा आणि दोन वेगळ्या जागी ठेवा. एकाच कॅबिनेटमध्ये दोन बॉक्स शेजारी शेजारी ठेवले तर मांजराच्या हिशोबात ती एकच जागा होते, बोका दारात बसून राहिला की भाटीला दोन्ही बंद. हॉलमधला कॅबिनेटमध्ये घाला, दुसरा ड्राय बाल्कनीत किंवा बेसिनच्या आसपास उघडा राहू द्या, तो पाहुण्यांना दिसत नाही आणि एखाद्याला झाकलेला बॉक्स नाहीच आवडला तर पर्याय राहतो. काही मांजरांना झाकलेलं चालतं, काहींना नाही चालत, हे आधी सांगता येत नाही.

आता मापं, आणि इथेच बहुतेक लोक फसतात कारण ते कॅबिनेट आधी आवडून घेतात आणि मग त्यात मावेल असा बॉक्स शोधतात. उलटं करा. मांजर पसरून झोपलेलं असताना टेप घेऊन नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा, शेपूट धरायची नाही. इंडी मांजर साधारण १८ इंच भरतं. त्याच्या दीडपट बॉक्सची लांबी पाहिजे, म्हणजे २७ इंच. दुकानात लिटर बॉक्स म्हणून जे विकतात ते बहुतेक याच्यापेक्षा लहानच असतात, म्हणून मी लोकांना सांगते प्लॅस्टिकचा मोठा स्टोरेज बॉक्स घ्या, भांड्यांच्या दुकानात मिळतो, एका बाजूने कडा खाली कापून घ्या आणि कापलेली कड घासून घ्या. २७ बाय १८ चा मिळाला तर उत्तम, २४ च्या खाली जाऊ नका. उंची १० इंच तरी असू दे कारण काही मांजरं सू करताना पार्श्वभाग उचलतात आणि मग धार सरळ भिंतीवर.

मग कॅबिनेट. २७ इंचाचा बॉक्स, त्याच्या एका बाजूला ९-१० इंचाची मोकळी जागा जिथून मांजर आत येईल आणि बाहेर जाताना पायाला चिकटलेलं लिटर तिथे झडेल, दोन इंच हात घालायला सुट्टे, म्हणजे आतून ३९ इंच लांबी झाली. खोली १८ अधिक दोन, २० इंच. उंची आतून २२ तरी, कारण खाली तीन इंच लिटर असतं, त्यावर मांजर उभं राहतं, खणतं, गोल फिरतं, आणि डोकं वर लागलं तर अर्धवट काम करून बाहेर पडतं. बाहेरून हे साधारण ४० बाय २१ बाय २४ होतं. ८ बाय ४ च्या एका प्लायमध्ये वरचा टॉप, दोन्ही बाजू, दोन शटरं आणि मधलं पार्टिशन सगळं निघतं, पाठीमागचं सहा एमएमचं वेगळं. मिस्त्री दोन शीट लागतील म्हणाला तर कागदावर कटिंग काढून दाखव म्हणा.

आता तुम्हीच बघा, २४ इंच उंचीवर कोणी बसत नाही. बसायची उंची १८ च्या आसपास असते. म्हणूनच ती ऑनलाइन बाकडी मला पटत नाहीत, फोटोत गादी, उशा, वर गोड मांजर, पण १८ इंचातून पाय आणि टॉपची जाडी गेली की आत पंधराएक इंच उरतात, त्यातून लिटरचे तीन इंच गेले की बोक्याने वाकून जायचं आणि वाकूनच करायचं. फोटोत मांजर नेहमी कॅबिनेटच्या वर बसलेलं असतं, आत बसलेलं कधी दाखवत नाहीत, आता कळलं ना का ते! बाक सोडा, साइड युनिट करा, वर दिवा, कुंडी, वायफायचं राउटर ठेवा, उंची बरोबर बसते. टीव्ही युनिटचा एक टोकाचा खण पण होतो, फक्त साउंडबार त्या टोकाला नको. तुर्भ्याच्या आयकियातलं ते चौकोनी खणांचं कॅलॅक्स पण बरेच जण आणतात, त्याचा एक खण आतून ३३ सेंटिमीटरचा आहे, म्हणजे १३ इंच, त्यात लिटर बॉक्स जात नाही, मधली फळी काढून दोन खण एक केले तर लांबी मिळते पण उंची तेरा इंचच राहते. आडव्याऐवजी उभे दोन खण एक केले तर उंची मिळते, लांबी जाते. सोडून द्या.

मटेरियलबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे कारण मुंबईत इथेच पैसे बुडतात. ऑनलाइन लिहिलेलं असतं "इंजिनिअर्ड वूड", ते बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड नाहीतर एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेले बोर्ड. ते कोरड्या गावात ठीक आहे हो, इथे जून ते सप्टेंबर कपाटातले बूट बुरसतात आणि त्यात हे बोर्ड, वर मांजराची सू. कडेच्या पट्टीच्या सांध्यातून थेंब आत गेला की बोर्ड फुगतो, एकदा फुगला की परत बसत नाही, आणि वास लाकडात मुरला की कितीही पुसा जात नाही, मांजराला तोच वास "इथे करायचं असतं" असं सांगतो. मिस्त्रीकडून करताना मरीन प्लाय मागा, शीटवर आयएस ७१० छापलेलं असतं ते स्वतः बघा. आयएस ३०३ मध्ये साधा कमर्शियल पण येतो आणि बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारा, पण येतो, नुसता आकडा वाचून खूश होऊ नका, आणि कमर्शियल नको. पूर्ण पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लॅस्टिक मिश्रण) बोर्डातही होतं, पाण्याला एकदम बिनधास्त, पण स्क्रू धरून ठेवायला प्लायइतका भरवशाचा नाही, बिजागऱ्या ढिल्या पडतात, तर बाजू प्लायच्या आणि आतलं पार्टिशन पीव्हीसीचं असं मिक्स मी बऱ्याचदा करते. आतल्या बाजूला पण लॅमिनेट लावायचं, पांढरं, गुळगुळीत, टेक्स्चर नको. आत नुसता रंग मारून देतो म्हणाले तर नाही म्हणा. पांढरं का, तर आत उजेड दिसतो आणि डाग लगेच दिसतो. बाहेरून काय रंग, वुडन फिनिश का प्लेन, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि आता खरी युक्ती सांगते. तळ करूच नका. म्हणजे कॅबिनेटला खालची फळी नाहीच, चार बाजू आणि टॉप, खालून उघडं, बॉक्स सरळ लादीवर. कारण वास नेहमी कुठून सुरू होतो माहितीये का, खालच्या फळीच्या आणि बाजूच्या सांध्यातून, तिथे एखादी धार गेली की संपलं, सिलिकॉन भरा, काही करा, वर्षभरात उखडतं. तळच नसेल तर गळलेलं सगळं व्हिट्रिफाइड टाइलवर पडतं, पुसलं की गेलं. फळीची जाडी वाचते, तेवढी आत उंची मिळते, वजन कमी होतं. चारी कोपऱ्यांना खालून ब्रेकवाले कॅस्टर, म्हणजे छोटी चाकं, लावा, आडवी मजबुती यायला मागच्या बाजूला खाली एक पट्टी मारा, बस. लादी पुसायला बाई आली की ब्रेक काढून सगळं युनिट पुढे ओढायचं, मागे पुसायचं, परत ढकलायचं. ब्रेक मात्र लावायचे, नाहीतर बोका वरून उडी मारतो आणि युनिट सरकतं, आतलं मांजर घाबरतं. लादीच्या खाचांमध्ये ओल जाऊ नये म्हणून बॉक्सखाली पीव्हीसी फ्लोअरिंगचा एक तुकडा टाकला तरी चालतो, जुना झाला की फेकायचा. वाळवी आणि झुरळं यांना पण खाली लपायला जागा उरत नाही, जुन्या बिल्डिंगांत हा फायदा छोटा नाही.

दारं. टॉप उचलून उघडायचं झाकण बरेच जण मागतात, हायड्रॉलिक पंप लावून, ते नको. एक तर वर काही ठेवता येत नाही, आणि सणासुदीला कोणीतरी वर काहीतरी ठेवणारच, मग तुम्ही दिवसभर उघडणार नाही. दुसरं म्हणजे पंप जुना झाला की झाकण खाली येतं आणि आत मांजर असू शकतं. त्याच कारणाने स्टोरेज बेड आणि दिवाणाच्या आत बॉक्स ठेवायचा विचार पण सोडून द्या. खेचून बाहेर येणारा ड्रॉवर फोटोत छान दिसतो, पण लिटरची बारीक धूळ टेलिस्कोपिक चॅनलच्या बॉलमध्ये जाते आणि तो करकर करत अडकतो. समोरून दोन साधी शटरं, पूर्ण रुंदीची, मध्ये खांब नाही, म्हणजे बॉक्स आहे तसा सरळ बाहेर ओढता येतो. दाबलं की उघडणारं पुश टू ओपन लावू नका, मांजर अंग घासतं आणि दार उघडतं. मोठा नॉब लावा, एका हातात स्कूप असतो तेव्हा दोन बोटांनी उघडायला. बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या मागा, अमोनियाने आणि इथल्या हवेने साध्या लवकर गंजतात.

मांजराचं दार बाजूला करायचं, समोर नाही. समोरून भोक दिसलं की सगळ्यांना कळतंच आत काय आहे, आणि कोणाचं तरी पोरगं हात घालणार. आठ इंच रुंद, नऊ-दहा इंच उंच, वरून कमानदार, खालची कड लादीपासून चार-पाच इंच वर म्हणजे लिटर सांडत नाही. पिल्लू असेल किंवा म्हातारं, सांधे दुखणारं मांजर असेल तर ही कड दोन इंचांवर आणा. कापलेली कड मिस्त्री तशीच सोडतात, तिथे कुसं लागतात, घासून यू बीडिंग म्हणजे कडेवर बसणारी पट्टी लावून घ्या. तुमची दोन मांजरं असल्यामुळे मी अजून एक भोक पाहिजेच म्हणेन, मागच्या बाजूला किंवा दुसऱ्या टोकाला, बॉक्सच्या कडेच्या वरून उडी मारून निघता येईल असं. एकाने दार अडवलं तर दुसऱ्याला निसटायला वाट पाहिजे, नाहीतर भाटी एकदा आत कोंडली गेली की ती कायमची पलंगाखाली करायला लागेल. भोकाला फडफडणारं प्लॅस्टिकचं झाकण नको, हवा कोंडते, आणि बऱ्याच मांजरांना ते ढकलायलाच आवडत नाही.

वासाचं गणित सोपं आहे. सूमधल्या युरियाचा अमोनिया होतो, अमोनिया हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. म्हणून जाळी मागच्या बाजूला वरच्या अंगाला पाहिजे, टॉपच्या खाली लगेच, पूर्ण लांबीची, तीनेक इंच रुंद. खालून मांजराच्या दारातून हवा आत, वरून बाहेर, आपोआप. युनिट भिंतीला चिकटवू नका, दोन इंच सोडा, आणि खिडकीच्या बाजूला असेल तर अजूनच बरं. छोटा कॉम्प्युटरचा पंखा बसवणारे पण आहेत, मी टाळते, आवाज होतो आणि घाबरट मांजर जात नाही. सुगंधी लिटर, आत लावायचे रूम फ्रेशनर, अगरबत्ती हे सगळं आपल्या नाकासाठी, मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, बंद खोक्यात तो सुगंध त्याला असह्य होतो.

आणि इथे जरा कडक शब्दांत सांगते. आपल्याकडे कपाट म्हटलं की हात आपोआप डांबराच्या गोळ्यांकडे जातो, नाहीतर कापराकडे. मांजरांना दोन्ही विषारी आहेत. या कॅबिनेटमध्ये तर नाहीच, मांजर जाईल अशा कुठल्याच कपाटात नको. पुसायला फिनाइल नको, डेटॉल नको, फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराचं लिव्हर नीट बाहेर टाकू शकत नाही आणि ते पाय चाटून सगळं पोटात घेतं. ब्लीच पण नको, सूमधला अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की घातक वायू होतो, तो बंद खोक्यात तुमच्याच नाकात जातो. साधा भांड्याचा साबण आणि पाणी, मुरलेल्या डागाला पेट शॉपमधला एन्झाइम क्लीनर. येणाऱ्या सासूबाईंना आणि कामवाल्या बाईंना हे आधीच सांगून ठेवा, कारण पाहुणे आले की कोणीतरी प्रेमाने फिनाइल मारतंच. वासासाठी ॲक्टिव्हेटेड चारकोलची पुरचुंडी जाळीपाशी टांगा, ती चालते, पण रोज दोनदा गोळे काढले नाहीत तर तीही काही करू शकत नाही.

लिटर कुठलं यात फार पडत नाही, तुमची मांजरं जे वापरतात ते बदलू नका, फर्निचर बदलताना लिटर बदलायचं नाही. फक्त टोफूचं, म्हणजे सोयाबीनच्या चोथ्याचं, वापरत असाल तर पावसाळ्यात बंद कॅबिनेटमध्ये त्याला बुरशी लवकर धरते, थोडं थोडं भरा. बेन्टोनाइट दोन-तीन इंच भरा, कमी भरलं की तळाला चिकटतं आणि तिथूनच वास. ते जे ९ इंचाचं मोकळं पॅसेज सांगितलं त्यात जाळीदार मॅट टाका, घरात पसरणारं बरंचसं लिटर तिथेच राहतं.

आता वेळ. नवीन फर्निचरला फेविकॉलचा, लॅमिनेटच्या ॲडहेसिव्हचा, थिनरचा वास असतो, आपल्याला दोन दिवसांत येईनासा होतो, मांजराला येत राहतो. दारं सताड उघडी टाकून दोन-तीन आठवडे पंख्याखाली हवा खाऊ द्या. मग आधी कॅबिनेट नुसतं बॉक्सच्या शेजारी ठेवा, दारं उघडी. चार-पाच दिवसांनी तोच जुना बॉक्स, तेच लिटर, न धुता, आत सरकवा, शटरं अजून उघडीच. मांजरं बिनधास्त जायला लागली की एक शटर बंद, मग दुसरं. घाईने नवा बॉक्स, नवं लिटर, नवं खोकं सगळं एका दिवशी केलं की मांजर संप करतं. म्हणजे गणपतीला तयार पाहिजे असेल तर मिस्त्री निदान महिना-दीड महिना आधी कामाला लागला पाहिजे, आणि तुम्हाला माहितीये, गणपतीच्या आधी मुंबईत मिस्त्री मिळणं काय असतं, अर्धे मखरांच्या कामाला आणि उरलेले गावाला.

पाहुणे असताना हॉल भरलेला असणार, आरत्या, टाळ, झांजा, तेव्हा मांजरं हॉलमधल्या बॉक्सला जातीलच असं नाही, कॅबिनेट कितीही चांगलं असो. म्हणून तो दुसरा उघडा बॉक्स शांत जागी पाहिजेच, तेवढे दिवस तो बेडरूममध्ये घेतला तरी चालेल, मांजरं पण तिथेच आणि दार लोटलेलं. घरात कोणी गरोदर असेल तर बॉक्स साफ करायचं काम दुसऱ्याने करायचं, मांजराच्या शीतून येणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या जंतूचा धोका असतो, आणि शी रोजच्या रोज काढली तर तो बराच कमी होतो कारण ते जंतू बाहेर पडल्यावर लागण करायच्या लायकीचे व्हायला एक ते पाच दिवस घेतात. कोणी नसलंच करायला तर हातमोजे घालून, नंतर साबणाने हात धुवून. मांजर घराबाहेर काढायची गरज नसते, हे सासूबाईंना डॉक्टरांकडून ऐकवलं तर जास्त पटतं.

घर भाड्याचं असेल किंवा एवढा खर्च करायचा नसेल तर ओशिवऱ्याला फर्निचर मार्केटमध्ये जुनं टेबल बघा, ऑफिसमधलं निघालेलं, लोखंडी पायांचं, टॉप मजबूत. तीन बाजूंनी वेल्क्रोने पडदा लावा, चौथी बाजू भिंतीकडे चार इंच मोकळी, झालं. खरं सांगू का, मांजराच्या दृष्टीने हे माझ्या कॅबिनेटपेक्षा चांगलं आहे, हवा भरपूर, कुठूनही आत, कुठूनही बाहेर, आणि तुमच्या दृष्टीने पडदा उचलला की समोर बॉक्स. दिसायला साधं दिसतं, पण सुती जाड कापड घेतलं, टेबलावर नीट काही मांडलं तर कोणी वाकून बघत नाही. पडद्याचे दोन सेट शिवून घ्या, पावसात एक वाळेपर्यंत दुसरा लागतो, आणि खालची कड लादीला टेकू देऊ नका, दोन इंच वर ठेवा, नाहीतर ओली लादी पुसली की कापड पाणी ओढतं आणि कुबट वास मांजरांच्या नावावर जातो.